टॉवर सरकतो, सडा सरकत नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मोबाइल टॉवरच्या साइटवरून पाठवलेलं तुझं पत्र आणि सड्याचे, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठाराचे, फोटो मिळाले. भर दुपारी काढल्यामुळे फोटोत सगळं सपाट दिसतंय, पण टॉवरच्या तिसऱ्या पायाच्या, लेग तीनच्या, खड्ड्यासाठी चुना मारलाय तिथली माती खराट्यानं झाडल्यावर जो गोल आणि त्याखाली दोन रेघा उघड्या पडल्या, त्या कातळाच्या भेगा नाहीत. भेग कुठे रुंदावते, कुठे बारीक होते. तुझी खाच वळतानाही रुंदी सोडत नाही. ती हातानं कोरलेली आहे असंच धरून चाल आणि जाणकार माणूस स्वतः येऊन नाही म्हणेपर्यंत तसंच धर. तोवर त्या चौकोनात कातळ फोडायचा ब्रेकर लागता कामा नये.

खरं अस्वस्थ केलं ते तुझ्या शेवटच्या ओळीनं. "गावाला नेटवर्क हवंय, दोन रेघांसाठी मी गावाची अडवणूक करतेय का?" हा प्रश्न तुझा नाही. तो तुझ्या डोक्यात कुणीतरी घातलाय. मला तो मुकादमापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी ऐकवलाय, आणि प्रत्येक वेळी तो असा मांडला जातो की एका हातात शाळेतल्या मुलांचा अभ्यास आणि दुसऱ्या हातात जुने दगड, उचल काय ते. तू इंजिनियर आहेस. दोनच पर्याय आहेत असं कुणी सांगितलं तर आधी नकाशा मागायचा.

टॉवर सरकतो. सडा सरकत नाही. एवढं एकच मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी.

तुझ्या हातात जो बिंदू आलाय, अक्षांश-रेखांशाचा, तो कुठून आला याचा विचार केलास? रेडिओ प्लॅनरनं संगणकावर एक वर्तुळ काढलं, सर्च रिंग. त्या वर्तुळात कुठेही टॉवर उभा राहिला तरी त्याचं काम होतं. मग जागा शोधणारा माणूस आला. त्यानं वर्तुळातल्या दोन-तीन जागा पाहिल्या आणि ज्याच्या सातबाऱ्यावर नावं कमी, ज्याला भाडं लवकर हवं, त्याची जागा पहिली लिहिली. एवढंच. त्या बिंदूत पवित्र काही नाही. पवित्र म्हणायचंच तर जे तुझ्या खराट्याखाली निघालं ते म्हण.

सरकवताना एक गोष्ट मात्र सांभाळ. कोकणातली गावं सड्यावर नसतात, सड्याच्या खाली वहाळाकाठी असतात. टॉवर कड्यापासून आत नेलास तर गाव कड्याच्या आड, सिग्नलच्या सावलीत जाईल आणि मग लोक तुला खरंच शिव्या देतील. म्हणून कड्याला समांतर सरकव. शंभर-दीडशे मीटर बाजूला गेल्यानं खालच्या वाडीला फरक पडला असं मी पाहिलेलं नाही. मायक्रोवेव्हची लाइन-ऑफ-साइट, म्हणजे पुढच्या टॉवरपर्यंतची सरळ मोकळी रेषा, तेवढी पुन्हा तपासावी लागते आणि नव्या जागेची सॉइल टेस्ट. कंत्राटदार ओरडेल तो या दोन खर्चांसाठी. ओरडू दे.

आता त्या दोन रेघांबद्दल. त्या दोनच आहेत हे तुला कुणी सांगितलं? रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. तुझं अख्खं कंपाउंड त्या हत्तीच्या अंगावर बसेल. तुझा गोल एखाद्या मोठ्या आकृतीचा कोपरा असू शकतो आणि उरलेली आकृती चार बोटं मातीखाली, गवताच्या मुळांत झोपलेली असू शकते. आपल्याकडचं पुरलेलं असं असतं, फार खोल नसतं. म्हणूनच ते जेसीबीच्या पहिल्याच ओरबाड्यात जातं. खोल असतं तर निदान खणताना कुणी थांबलं असतं.

उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ, अशा नऊ ठिकाणांची मिळून कोकणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांसाठीच्या संभाव्य यादीत गेली. पण ती सरकारी पथकानं हेलिकॉप्टरमधून शोधलेली नव्हेत. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेची सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं सडे तुडवत राहिली, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत राहिली. या चित्रांत गेंडा आहे, पाणघोडा आहे. आज ते प्राणी इथे नाहीत. कोरणाऱ्यानं ते पाहिले असणार. ज्या माणसांनी दुसरं काहीही लिहून ठेवलं नाही त्यांची ही एवढीच नोंद आहे आणि तिच्यावर तुझा कंत्राटदार राफ्ट, म्हणजे पायाचा काँक्रीटचा थर, ओतू म्हणतो.

देवाचे गोठणेच्या सड्यावर होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, हे तुला माहीत आहे का? अँटेनाचा अझिमथ, म्हणजे तिचं तोंड कोणत्या दिशेला ते, होकायंत्रानं लावणाऱ्या रिगरला, टॉवरवर चढणाऱ्या माणसाला, हे सांगून ठेवावं. असो.

माझ्या मनातली सल तुला सांगतो, कारण तिच्यामुळेच मी असा हट्टी झालो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक साइट अर्धी तयार होऊन आली. पॅड ओतून झालेला, बोल्ट बसलेले, मी फक्त उभारणीला गेलो होतो. दुपारी एक गुराखी आजोबा सावलीला येऊन बसले आणि सहज म्हणाले, "तुमी ह्यो चवथरा बांदलाव ना, त्येच्याखाली पांडवांचं चित्तार होतं. मासा होता मोठा." मी विचारलं, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, कुणी विचारलंच नाही. कित्येक वर्षं रोज त्याच सड्यावर गुरं राखणारा माणूस समोर होता. सर्व्हेवाला आला, माती तपासणारे आले, चुना मारणारे आले, एकानंही त्याला विचारलं नाही. तो मासा कसा होता हे आता कुणालाच कळणार नाही. आजोबाही गेले. या गोष्टीला उपाय नाही आणि ती माझ्या मनातून जात नाही.

म्हणून चुना मारण्याआधी विचारायचं. गुराख्याला, गवत कापायला जाणाऱ्या बायकांना, गुरवाला. "इथे काही कोरलेलं आहे का" असं विचारू नकोस, लोक नाही म्हणतात. "पांडवांचं काही आहे का, लहानपणी इथे काय खेळायचात" असं विचार. आणि सड्यावर जायचं ते सूर्य उगवताना किंवा मावळताना. तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते आणि आख्खी आकृती उठून दिसते, बारा वाजता तीच पायाखाली असून दिसत नाही. पहिल्या पावसानंतर खाचांत पाणी साचतं तेव्हा तर लहान मूलसुद्धा दाखवेल. आपले सर्व्हेवाले एप्रिलच्या दुपारी मोबाइलवर जीपीएस बघत येतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. त्यांच्या अहवालात "ओसाड खडकाळ जमीन" असं लिहिलेलं असतं. हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं.

ओसाड! सड्यावरचा एखादा सैल दगड उचलून बघ. पांढऱ्या पट्ट्यांची, बोटाएवढी एक पाल त्याच्याखाली राहते, जी विज्ञानाला १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावातून पहिल्यांदा कळली. सड्यावर झाड नाही, बीळ नाही, तिच्यासाठी दगडाखालची ती फट म्हणजेच घर. आणि आपण "लेव्हलिंग" म्हणून पहिलं काम काय करतो? सैल दगड गोळा करून खड्ड्यात घालतो. टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, मार्चपासून. पाऊस आला की उथळ डबक्यांत बेडूक येतात, दीपकाडी फुलते, सीतेची आसवं फुलतात. त्या डबक्यात मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी सोडलं की त्या वर्षीचं सगळं संपलं.

यासाठी तुला कुणाची परवानगी नको. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घे, फुलोरा संपलेला असतो आणि टिटवी बसलेली नसते. सैल दगड उचलावे लागले तर बाजूला तसेच पसरून ठेव, खड्ड्यात नको. मिक्सर धुवायला प्लास्टिक घालून वेगळा खड्डा कर. पायाच्या खड्ड्यात रात्री एक फळी तिरकी लावून ठेव आणि काँक्रीट ओतण्याआधी सकाळी स्वतः आत बघ. साप, घोरपड, बेडूक, कधी कोल्ह्याचं पिल्लू, आत पडलेलं वर येऊ शकत नाही. मजुरांना हे एकदा समजावलं की ते तुझ्यापेक्षा जास्त काळजी घेतात, हे माझं पक्कं मत आहे. पुढे घार वर घरटं करेल तेव्हा अंडी फेकायची नाहीत. वन्यजीव कायद्यात संरक्षित पक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरटं छेडणं ही शिकारच धरली आहे.

आणि रस्ता! सगळे टॉवरचा चौकोन बघत बसतात. चौकोन फार तर पंधरा मीटरचा. त्याच्यापर्यंत ट्रान्झिट मिक्सर न्यायला जो मुरमाचा रस्ता ओढतात तो किती लांब आहे ते पावलांनी मोज. फायबरचा चर वेगळा. म्हणून टॉवर सरकवलास आणि रस्ता जुन्याच आखणीवर ठेवलास तर तू काहीच केलं नाहीस. रस्त्याची आणि चराची पूर्ण लांबी चालून बघ, मगच कागदावर सही कर.

रेडिएशनवरून कुणी तुझ्याशी वाद घातला तर त्यात पडू नकोस. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, तेवढं सांग आणि कामाला लाग. आपला प्रश्न खड्ड्याचा आणि रस्त्याचा आहे.

कायद्याबद्दल तू आशेनं विचारलंस. १९५८च्या पुरातत्त्व कायद्यात २०१०च्या दुरुस्तीनं केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. पण कालच सापडलेली तुझी आकृती कोणत्या यादीत असणार? सडे बहुतेक खासगी मालकीचे, सामाईक सातबाऱ्यांचे. तिथे हे कवच नाही. खणताना नाणी, भांडी असं काही निघालं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, दहा रुपयांवरची कोणतीही वस्तू. कातळावरच्या रेघेला तेही लागू होत नाही. म्हणजे आज त्या आकृतीला तुझ्याशिवाय कुणी नाही. हे भीतीदायक वाटत असेल तर वाटू दे. म्हणूनच कायद्याची वाट न बघता जागा बदल. टॉवर सरकतो.

तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगतो. एका गावात मी असाच टॉवर सरकवला आणि त्या गावाला तो पावसाळा नेटवर्कशिवाय काढावा लागला. त्या पावसात एका घरात रात्री साप चावला आणि रिक्षा बोलवायला पोराला घाट उतरून पळावं लागलं. माणूस वाचला, पण त्या गावात आजही माझं नाव कुणी चांगल्या शब्दांत घेत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण हिशेब नीट मांडायला हवा. नवी सॉइल टेस्ट आणि नवं ड्रॉइंग यांना काही आठवडे लागले. बाकीचा वेळ फाइल एका टेबलावर पडून होती, कारण "साइट इंजिनियरनं जागा बदलली" हे कुणाला पटत नव्हतं. उशीर त्या टेबलानं केला, कातळानं नाही. आणि मला त्या प्रकल्पावरून काढलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. घरी तंगी झाली, बायकोनं काही महिने एकटीनं घर ओढलं. तरी मी म्हणतो, बरोबर केलं. आकृती आहे, टॉवरही आहे, गावात रेंज आहे. दोन्ही झालं ना? मग मला चुकीचं कुणी ठरवावं?

नेटवर्कची गरज मी कमी लेखत नाही. टाळेबंदीत कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढून बसत होती ते मी पाहिलंय. केंद्रानं २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती योग्यच होती. पण म्हणजे असे हजारो खड्डे. प्रत्येक खड्ड्यावर तुझ्यासारखं कुणीतरी नवखं उभं असणार आणि प्रत्येकाला "वरून ठरलंय" असं सांगितलं जाणार. वरून ठरत नाही. वरून वर्तुळ येतं.

गावाला विरोधात उभं करू नकोस. सरपंचांना आणि दोन-चार जुन्या माणसांना उद्या सूर्यास्ताला सड्यावर घेऊन जा, खराटा त्यांच्याच हातात दे. उक्षीच्या लोकांनी आपल्या कातळशिल्पाभोवती स्वतः पुढाकार घेऊन चिऱ्याचं कुंपण घातलं. तुझ्या गावातली माणसं त्यांच्यापेक्षा वेगळी नाहीत. त्याच संध्याकाळी फोटो काढ, बाजूला मोजपट्टी ठेवून. खाचेत खडू किंवा रंग भरू नकोस, कुणी भरायला लागलं तर हात धर. मग तहसीलदारांना आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला एक पानाचं पत्र, पोच घेऊन. तुझ्या कंपनीला पाठवशील त्या मेलमध्ये भावनेचा एक शब्द नको. "सध्याच्या बिंदूवर काम केल्यास पुढे थांबवलं जाण्याचा धोका आहे, पर्यायी बिंदू सोबत जोडला आहे," एवढंच. पर्याय जोडल्याशिवाय मेल पाठवू नकोस, नुसत्या तक्रारीला उत्तर येत नाही.

चुन्याचं जुनं मार्किंग आजच पुसून टाक, नाहीतर तुझ्या सुट्टीच्या दिवशी जेसीबी येईल. चालकाचा नंबर तुझ्याकडे नसेल तर घे आणि त्याला स्वतः फोन कर.

कड्याच्या बाजूनं दोन नवे बिंदू निवड आणि त्यांचे अक्षांश-रेखांश सोमवारपर्यंत मला कळव. लाइन-ऑफ-साइट माझ्या ओळखीचा एक जुना प्लॅनर बघून देईल, त्याच्याशी आत्ताच बोललोय.

तुझा,
काका