हार्मोनचे मलम आणि मोडलेले हाड

प्रश्न : माझ्या आईचे वय ६३ आहे. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ती हातावर पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले, पण हाड अजून कोवळे असल्याचे डॉक्टर म्हणाले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनच्या क्रीमच्या दोन ट्यूब पाठवल्या आहेत. ते मनगटावर चोळले की हाड लवकर भरते आणि औषध पोटात जात नसल्याने अपाय होत नाही, असे ती सांगते. आईला हे क्रीम लावावे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मावसबहिणीने हे आपुलकीने पाठवले आहे आणि तिच्या बोलण्यात काही तथ्यही आहे, म्हणून नकाराची कारणे सविस्तर देतो.

तथ्य एवढेच की काही हार्मोन त्वचेतून शरीरात खरोखर शिरतात. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) हलका आणि तेलात विरघळणारा रेणू त्वचेचा वरचा थर ओलांडू शकतो. इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेन प्रकारच्या स्त्री-हार्मोनचा रेणू २७२ डाल्टनचा, तर प्रोजेस्टेरॉनचा ३१४ डाल्टनचा असतो, म्हणूनच त्यांची जेल, क्रीम किंवा पॅच तयार करता येतात. परंतु त्वचा ओलांडली म्हणजे हे औषध सरळ खालच्या हाडात उतरते असे नाही. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या ते उचलतात आणि तिथून ते सर्व शरीरात फिरते. त्यामुळे क्रीम मनगटावर चोळले काय किंवा मांडीवर चोळले काय, मोडलेल्या हाडाला फारसा फरक पडत नाही. आणि रक्तात गेलेला हार्मोन स्तन, गर्भाशय, यकृत अशा सगळ्याच अवयवांपर्यंत पोहोचत असल्याने ‘पोटात जात नाही म्हणून निर्धोक’ हे म्हणणेही टिकत नाही.

प्रोजेस्टेरॉन क्रीमची हाडांसाठी पद्धतशीर तपासणी झालेली आहे. पाळी जाऊन पाच वर्षे उलटली नव्हती अशा १०२ स्त्रियांवर अमेरिकेत एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काहींना रोज २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन असलेले क्रीम, तर काहींना औषध नसलेले क्रीम देण्यात आले. वर्षअखेर पहिल्या गटातल्या स्त्रियांच्या अंगातून वाफा येण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला होता, पण हाडांच्या घनतेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अशी क्रीम अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत मिळतात, त्यामुळे ती औषध म्हणून कसोटीला उतरली आहेत असे कोणी समजू नये.

इस्ट्रोजेनची गोष्ट निराळी आहे. हाड खाणाऱ्या पेशींना ते आवर घालते आणि पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते ती मुख्यतः ते कमी पडल्यामुळे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध) यांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. तरीही स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढल्यामुळे तो भाग २००२ साली मुदतीआधी थांबवावा लागला. त्वचेवरच्या पॅचमुळे गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो असे दिसते. पण यातला मुद्दा असा की ही सारी उपाययोजना हाडाची झीज रोखण्यासाठी आहे. मोडलेले हाड जुळणे ही वेगळी प्रक्रिया आहे.

हाड मोडते तिथे आधी रक्त साकळते, मग मऊ, कूर्चेसारखा जोड तयार होतो, त्यात कॅल्शियम बसून कच्चे हाड बनते आणि त्यानंतर कित्येक महिने ते झिजत-भरत मूळ आकारावर येते. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या एक्स-रेत मनगटावरची भेगेची रेषा पुसट होऊन तिथे धुरकट पांढरा पट्टा दिसू लागतो. डॉक्टर ज्याला कोवळे म्हणाले ते हेच, आणि बहुतेक वेळा ते चांगले लक्षण असते.

हाड जुळण्याचा वेग वाढवू पाहणारा हार्मोन म्हणजे टेरिपॅराटाइड, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनच्या रेणूचा एक तुकडा. आपल्या आईसारखेच मनगट मोडलेल्या १०२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली व ती २०१० साली प्रसिद्ध झाली. रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांचे हाड सरासरी ७.४ आठवड्यांत सांधले, तर औषध न मिळालेल्यांना ९.१ आठवडे लागले. मात्र मुख्य तपासणी ४० मायक्रोग्रॅमच्या मात्रेची होती आणि तिचा फायदा सिद्ध झाला नाही, त्यामुळे हाड जुळवण्यासाठी हे औषध सरसकट देत नाहीत. त्याचा रेणू सुमारे ४,१०० डाल्टनचा असल्याने ते चोळून आत जाणे शक्यच नाही, सुईच टोचावी लागते. याच जातीच्या अबालोपॅराटाइड या औषधाचा सूक्ष्म सुयांचा पॅचही तयार करून पाहिला गेला, पण वर्षभरात इंजेक्शनने मणक्यांची घनता १०.८६ टक्के वाढली तिथे पॅचने ती ७.१४ टक्केच वाढली.

आईसाठी खरी निकड दुसरीच आहे. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे हा ठिसूळ हाडांचा इशारा असतो आणि अशा स्त्रियांना पुढे आणखी एखादे हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी, रक्तातले ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पाहावे व औषधाचा निर्णय त्यानंतर डॉक्टरांशी बोलून घ्यावा. (ड जीवनसत्त्व हाच मुळात त्वचेत उन्हाने तयार होणारा हार्मोन आहे, आणि हाडाला त्वचेमार्फत मिळणारा खरा हार्मोन असेल तर तो हाच.) जेवणात डाळ, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी-मासे यांचे प्रमाण वाढवावे. आई मशेरी लावत असेल तर ती बंद करावी, कारण निकोटिनमुळे हाड जुळण्यास उशीर होतो. बोटांचे व्यायाम दिवसातून अनेकदा करावेत, पण तेल लावून जोरात रगडणे नको. हात सुजून चकाकू लागला, आग होऊ लागली किंवा दुखणे वाढत चालले, तर त्याच आठवड्यात दाखवावे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. अपघातात नडगीचे हाड मोडले, रॉड घातला, पण सहा महिन्यांनीही जोड धरलेला नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जेलने उपयोग होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असल्याशिवाय या जेलचा विचारच करू नये, आणि ते कमी असले तरी हाड जुळवण्यासाठी म्हणून नव्हेच. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ५,२०४ पुरुषांच्या अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेल लावणाऱ्यांपैकी ३.५० टक्के पुरुषांची हाडे मोडली, औषधाविना जेल लावणाऱ्यांत हेच प्रमाण २.४६ टक्के होते. म्हणजे अपेक्षेच्या अगदी उलट घडले.

मोडलेल्या जागीच लावायचे एक औषध आहे, पण ते शस्त्रक्रियेत जखम उघडी असताना, कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून ठेवतात. बीएमपी-२ हे ते प्रथिन. ते हार्मोन नसून वाढ घडवणारा घटक आहे. २००४ साली अमेरिकेत नडगीच्या ताज्या, उघड्या फ्रॅक्चरसाठी त्याला मान्यता मिळाली. ते महाग आहे, सूज आणू शकते, आणि आपल्यासारख्या जुन्या, न जुळलेल्या हाडात त्याची गरज आहे की नाही हे शल्यविशारदच ठरवतील. त्याआधी हाडात जंतुसंसर्ग नाही ना, रॉड सैल नाही ना, मधुमेह आटोक्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि सिगारेट ओढत असाल तर आजच सोडावी.

प्रश्न : वांगाच्या डागांसाठी मी दोन वर्षे मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडयुक्त क्रीम चेहऱ्यावर लावते आहे. त्याने हाडे ठिसूळ होतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चेहऱ्यापुरत्या थोड्या मात्रेने हाडांवर परिणाम होण्याचा संभव कमी आहे. तरीही स्टिरॉइड हा हार्मोनच आहे आणि तीव्र क्रीम मोठ्या भागावर वर्षानुवर्षे लावल्यास धोका वाढतो. सात लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२१ सालच्या एका डॅनिश अभ्यासात, अशा क्रीमचे एकूण प्रमाण जसे वाढले तसा ठिसूळपणाचा आणि हाडे मोडण्याचा धोकाही थोडाथोडा वाढलेला दिसला. चेहऱ्याच्या त्वचेचे नुकसान मात्र त्याच्या कितीतरी आधी होते. ही क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत, मेडिकलवाल्याने ती अशी देणे नियमाला धरून नाही. क्रीम एकाएकी बंद केल्यास चेहरा लाल होऊन पुटकुळ्या येऊ शकतात, म्हणून ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ते सांगतील त्या क्रमाने ते कमी करत न्यावे.