माळ डबीत ठेवल्यावर

"देवाचं इतकं केलं, तरी माझ्याच वाट्याला हे का?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत हा प्रश्न फार जणांच्या मनात असतो. त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई विद्यार्थ्यांची खानावळ चालवायच्या. शेजारी नवं वसतिगृह झालं, तिथंच जेवणाची सोय झाली आणि यांचे साठ डबे अकरावर आले. वाण्याची उधारी लाखाच्या वर गेली. खानावळीला कुलूप लावलं त्या रात्री त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ उतरवून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. घरात तीन पिढ्यांची वारी! माळकऱ्यानं माळ उतरवणं म्हणजे काय, ते वारकऱ्याच्या घरातल्यांनाच कळेल.

डबी माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, धंद्याचं एवढं नाही. पण मी पांडुरंगाला नको नको ते बोलले. आता कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं उभी राहू?"

आधी झोप, जेवण विचारलं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. तसं काही नव्हतं. (कुणाला वाटत असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा.) मग म्हटलं, "ताई, जनाबाईंनी विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आपण अभंग म्हणून गातो. परक्याशी कुणी एवढं भांडतं का?" त्या बराच वेळ रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

पुढच्या भेटीत त्यांनीच तुकोबांचा विषय काढला. दुष्काळ, दिवाळं, अन्न अन्न करत गेलेली बायको. त्यानंतर तुकोबांनी मोडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. कीर्तनाला सुरुवात केली तेव्हा आधी अभ्यासात चित्त नव्हतं, हेही त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. ताईंना हे सगळं लहानपणापासून पाठ होतं, पण स्वतःला लावून कधी पाहिलं नव्हतं.

"ही देवाची शिक्षा" हे ताईंचं म्हणणं मात्र मी मान्य केलं नाही. आम्ही उधारीची वही उघडली. गिऱ्हाईक तुटलं होतं, भाव दोन वर्षं तोच होता, आणि नऊ पोरांकडून येणं बाकी होतं. यात पाप कुठं आहे? वाण्याचं दुकान टाळायला त्या लांबच्या गल्लीनं जायच्या. त्यांना म्हटलं, एकदा समोरून जा. दोन आठवडे पाय उचलला नाही. शेवटी गेल्या, तर महिना तीन हजारांवर वाणी तयार झाला. आता घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात.

हरिपाठ अख्खा होत नाही अजून. कणीक मळताना एखादा अभंग म्हणतात, कधी तोही अर्धाच.

मागच्या एकादशीला फोन आला. "मॅडम, आज डबी उघडली. माळेचा दोरा विरलाय. आधी तो बदलून घेते."