डोळा आठवडाभर लाल आहे, चिपडं येत नाहीत पण ठणकतो. डोळे आलेत की स्क्लेरायटिस (डोळ्याच्या पांढऱ्या भागाची खोलवर सूज)? ड्रॉप चालू ठेवू का?

चिपडं नाहीत आणि ठणका आहे म्हणजे डोळे आले नसणार, हे आमच्या घरात पटवायला मला किती भांडावं लागलं विचारू नका. आईला आमवात, त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती, ती मामाने 'या गोळ्या उष्ण पडतात' म्हणत परस्पर बंद करायला लावली. त्यात २०२३ चा जुलै, आळंदीकडे डोळ्यांची साथ जोरात, मग काय, आईचा एक डोळा लाल झाल्याबरोबर निदान करून सगळे मोकळे, काळा गॉगल, वेगळा टॉवेल, मेडिकलमधून ड्रॉप. अरे पण साथीत डोळा चिकटतो, खुपतो, माणूस रात्री दोनला कपाळ धरून उठून बसत नाही! दुखणं जबड्यात उतरायला लागलं तर मामा म्हणे अक्कलदाढ. साठीच्या बाईला. दाताचा एक्स-रेसुद्धा काढून झाला.

शेवटी तिला खिडकीशी बसवून बघितलं. ट्यूबलाइटखाली नुसता लाल वाटणारा डोळा दिवसाच्या उजेडात जांभळट दिसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फेनिलेफ्रिनचा थेंब टाकला, वरवरची सूज (एपिस्क्लेरायटिस) असेल तर त्याने लाली बरीच उतरते, आईची खोलवरची तशीच राहिली, म्हणजे स्क्लेरायटिस, आमवातात होऊ शकतो तो. आणि त्यांचा पुढचा प्रश्न काय, तर सांध्यांच्या गोळ्या घेताय ना? मी मामाकडे बघितलं फक्त. मग रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे (टीबीमुळेही हे होतं, स्टिरॉइडआधी बघावंच लागतं), पोटातून प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड), मेथोट्रेक्सेट परत चालू. खरा स्क्लेरायटिस नुसत्या ड्रॉपने बरा होत नाही.

तुमच्या ड्रॉपवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा, ही स्टिरॉइडं, ती मनाने टाकत राहिलात तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, हर्पीसची जखम असेल तर आणखी बिघडते. बाकी प्रत्येक लाल डोळा स्क्लेरायटिस नसतो हेही खरं, एपिस्क्लेरायटिस बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. पण ठणका झोपमोड करत असेल, अंधुक दिसत असेल किंवा दिव्याभोवती कडी दिसून मळमळत असेल (तो काचबिंदूही असू शकतो) तर आजच जा, चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आणि आमवाताच्या गोळ्या कुणी नातेवाईक बंद करायला सांगत असेल तर तसं कागदावर लिहून खाली सही करायला सांगा. आमचे मामा अजून पेनच शोधतायत.