सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

प्रश्न : मी कराडला शाळेत शिक्षिका आहे. मार्चमध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून २०१८ ची डिझेल हॅचबॅक घेतली. किंमत ४ लाख ३५ हजार, त्यातले २ लाख पतसंस्थेचं कर्ज. मीटरवर ४८ हजार किलोमीटर, जाहिरातीत 'सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट'. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, काच आपोआप खाली आली. तेव्हापासून गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली. इथला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ही पाण्यातली गाडी आहे." डीलर म्हणतो, "सेकंडहँडला वॉरंटी नसते, तुम्ही बघून-चालवून घेतलीत." आरसीवर अजून जुन्याच मालकाचं नाव आहे. 'पंधरा दिवसांत होईल' हे चार महिने ऐकतेय. घरचे म्हणतात, नाद सोड, दुरुस्त करून घे. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, दुरुस्तीला आत्ता हात लावू नका. वायरिंग बदललं की पुरावाही गेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा माझं सांगलीतलं गॅरेज पाण्यात होतं. पूर ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. विमा कंपनीनं 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं ठरवलेल्या गाड्या व्यापारी स्वस्तात उचलतात. पाण्यातली आहे असं सांगून विकली तर त्यात वावगं काही नाही. पण एका व्यापाऱ्याच्या अशा तीन गाड्या मी धुऊन, सीटकव्हर बदलून दिल्या आणि पुढे त्या काय सांगून विकल्या जाणार, हे विचारलं नाही. चौथीच्या स्टिअरिंगखालचा एअरबॅगचा कनेक्टर उघडला, तर पिनांवर हिरवा गंज. धडकेच्या वेळी ती बॅग उघडेल की नाही, मला सांगता येईना. गाडी परत पाठवली. आधीच्या तीन गाड्यांत आज कुणाची पोरं बसत असतील, हा विचार अजून पाठ सोडत नाही. म्हणून तुम्हालाही आधी हेच सांगतो : एअरबॅग तपासून होईपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका.

आता एक काम स्वतःच करा. पुढच्या सीटचा बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढा. बाहेर दिसणारा पट्टा सगळेच धुतात, गुंडाळीत राहिलेला कुणी धूत नाही. तिथं मातकट डाग असेल, बोट फिरवल्यावर गाळाची बारीक पूड लागेल. मग सीट पुढे सरकवून खालच्या रेलचे बोल्ट बघा, स्टेपनी काढून तिच्या खळग्यात कोपऱ्यात बोट घाला. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा आणि सलग व्हिडिओत नंबरप्लेटही येऊ द्या. नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवून लेखी रिपोर्ट घ्या. तिथंच गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद विचारा, मीटर मागे फिरवलं असेल तर तेही उघडं पडेल. एखादा भाग बदलावाच लागला, तर काढलेला भाग घरी जपून ठेवा.

'बघून घेतलीत' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. गाडीच्या आतला गाळ तुम्हाला दिसणार कसा? माहीत असलेला दोष लपवून 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग गाडी नवी असो की जुनी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं एकत्र करा. डीलरला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात दावा करता येतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका.

आरसीचं मात्र याच आठवड्यात बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाच्या सह्या आहेत का, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे डीलरकडून लेखी मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, त्याचीही प्रत मागा. ती नसेल तर तसं नोटिशीत लिहा. विम्याची पॉलिसीही तुमच्या नावावर झालेली नसणार, ती लगेच करून घ्या.

आणि आरसीवर ज्यांचं नाव आहे, त्या जुन्या मालकाला गाठा. भांडायला नको, विचारायला जा. गाडी त्यांच्या नावावर आहे तोवर अपघाताच्या भरपाईत तेच धरले जातील, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. एवढं कळलं की तेही मोकळेपणानं बोलतील. त्यांना एकच विचारा : गाडी डीलरला दिली तेव्हा ती पाण्यात बुडाली होती, हे तुम्ही त्याला सांगितलं होतं का? 'हो' म्हणाले, तर तेवढं एका कागदावर लिहून, तारीख घालून सही घ्या.