नीहार की निहार?

'भाचीच्या मुलाचं नाव नीहार ठरलंय. अर्थ दवबिंदूच ना? आणि निहार असं लिहिलं तर चालेल का?' असं एकांनी विचारलंय.

वेलांटी दुसरी. तत्सम शब्दात संस्कृतातली वेलांटी मराठी तशीच ठेवते, म्हणून नीहार. पहिल्या वेलांटीचे निहारही पुष्कळ भेटतील. विशेषनाम आहे, आईबाप लिहितील ते खरं. फक्त जन्मदाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं असं होऊ देऊ नका. हिंदी कानाला मात्र निहार म्हटलं की 'निहारना', म्हणजे टक लावून बघणं आठवतं.

नीहारच्या अर्थामध्ये दव येतं, पण बिंदू नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका अशी रांगच आहे. धुकं, दव, बर्फ, सगळा गारठा एका घरात. गंमत म्हणजे यातले बरेच जण बारशाला पोचले. तुषार मागच्या पिढीत गल्लोगल्ली होते, मिहिका आत्ता आत्ता आली. अवश्याय नावाचं बाळ अजून ऐकलेलं नाही! (मिहिकेच्या भावाचं नाव मिहिर ठेवू नये. मिहिर म्हणजे सूर्य. तो वर आला की मिहिका विरलीच.)

आपल्याकडे यातल्या धुक्याला धुई आणि दवाला दहिवर म्हणतात. जुई हे नाव चालतं, धुई चालत नाही, फरक एका अक्षराचा. कारण धुई ज्यांच्या ओळखीची आहे त्यांना ती नुकसानीमुळे ठाऊक आहे. आंबा मोहोरलेला असताना लागोपाठ दोन-तीन दिवस धुई पडली की मोहोर काळा पडून गळायला लागतो. नीहारने कुणाचा मोहोर गाळलेला नाही. नव्या निसर्गनावांची ओढ मला तरी इथेच दिसते. आज्यांची गोदावरी, तुळसा, शेवंता ही नावं रोजच्या पाण्यातली, वृंदावनातली, परसातली होती. आताची नावं कोशातून येतात. उच्चाराला मऊ आणि कसल्याही आठवणीशिवाय.

एक मात्र सांगून ठेवतो. जैन परिभाषेत आहाराची जोडी नीहाराशी आहे आणि तिथे नीहार म्हणजे मलमूत्रविसर्जन. दुसऱ्या वेलांटीनेही यातून सुटका नाही. नाव बदलायची काही गरज नाही, पण बारशाला शेजारच्या जैन आजी गालातल्या गालात हसल्या, तर कारण एवढंच.