नखाची जखम वारंवार उलटते. बोट काढावे का?

प्रश्न : आमचा काळा लॅब्रॅडॉर १० वर्षांचा आहे. ३ महिन्यांपूर्वी त्याच्या पुढच्या पंजाचे एक नख मुळाशी उचकटले, बोट सुजले आणि तो ते सतत चाटू लागला. अँटिबायोटिकचे २ कोर्स झाले. सूज ओसरते, पण गोळ्या थांबल्या की परत येते. आता पशुवैद्यांनी एक्स-रे सांगितला असून, कर्करोग असल्यास बोट काढावे लागेल, असे ते म्हणतात. नखाच्या जखमेसाठी एवढे करायला हवे का?

उत्तर : हो, आणि तेही तिसरा कोर्स सुरू करण्यापूर्वी. नखाच्या मुळाशी गाठ असली की तिच्यावर जंतुसंसर्ग सहज होतो. गोळ्यांनी तो संसर्ग तेवढा हटतो, सूज उतरते आणि गाठ मात्र आत वाढत राहते. आपल्या कुत्र्याचे वय, मोठी चण आणि काळा रंग या तिन्ही गोष्टी संशय वाढवणाऱ्याच आहेत, कारण स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा नखाखालचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत विशेष दिसतो. त्याखालोखाल मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, येतो आणि तो शरीरात अधिक लवकर पसरतो.

एक्स-रेमध्ये बोटाच्या टोकाचे हाड कुरतडल्यासारखे दिसू शकते. मात्र जुनाट संसर्गानेही हाड झिजते, म्हणून निदान पक्के होते ते बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावरच. वरवरचा तुकडा घेतला तर अहवालात नुसती सूज निघते, म्हणून हाड बरेच खाल्ले गेले असेल तर अनेक पशुवैद्य थेट बोट काढून तेच तपासणीला पाठवतात. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण दुखरे बोट एरवीही वाचत नाही. त्याआधी छातीचा एक्स-रे काढून आणि खांद्यापुढची लसीकाग्रंथी तपासून रोग पसरला आहे का, ते पाहून घ्यावे.

चालण्याची काळजी नसावी. मधल्या दोन बोटांवर जास्त भार असतो हे खरे, पण त्यांतले एक गेले तरी बहुतेक कुत्री थोडे दिवस लंगडून पूर्ववत धावू लागतात. गाठ नखाखालच्या कार्सिनोमाची निघाली आणि पसरलेली नसली, तर केवळ शस्त्रक्रियेनेही अनेक कुत्री पुढे चांगली जगतात. तोवर वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी, मग ती पॅरासिटामॉल असो वा आयब्युप्रोफेन, त्याला मुळीच देऊ नये.

काळ्या कुत्र्यांत हाच रोग पुढे दुसऱ्या बोटालाही होऊ शकतो, तेव्हा पंजे पुसताना प्रत्येक नखाचे मूळ हलकेच दाबून पाहत जावे.