बाबांच्या ओठांवर शेवटी नाम नव्हतं

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच बोलते.

इतर वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चार दिवस ते व्हेंटिलेटरवर होते, शुद्ध आलीच नाही. कोसळण्याआधीचं त्यांचं शेवटचं बोलणं होतं, "लाइट बिल भरलंस का?" अतिदक्षता विभागात तुळस-गंगाजल नेता आलं नाही. दहाव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दादाच्या मुखी नाम आलं नाही, जीव बिलात अडकला." तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही आणि तुला तीन महिने धड झोप नाही. बाबांना गती मिळाली असेल का, असं तू विचारलं आहेस.

आत्या बोलल्या त्याला आधार आहे, हे आधी मान्य करू. अंतकाळी माणूस ज्या भावाचं स्मरण करत देह सोडतो त्यालाच तो जाऊन मिळतो, असं गीतेच्या आठव्या अध्यायातला सहावा श्लोक सांगतो. पण त्याच श्लोकाचा शेवट 'सदा तद्भावभावितः' असा आहे, आणि तो बहुतेक जण सोडून देतात. जन्मभर जो भाव मुरवला, तोच शेवटी सोबत येतो. पुढच्याच श्लोकात श्रीकृष्ण सांगतो, म्हणून सर्व काळ माझं स्मरण कर आणि लढ. लढ म्हणजे वाट्याला आलेलं काम कर. बाबांच्या वाट्याला घर आलं होतं. घरात अंधार होऊ नये ही काळजी भक्तीच्या आड कशी येईल?

तू लिहिलंस की बाबांच्या विष्णुसहस्रनामाच्या पोथीची पानं खालच्या कोपऱ्यात, अंगठा टेकायचा तिथं काळवंडली आहेत आणि शिवण दोनदा नव्याने घातली आहे. आत्यांना ते अंगठ्याचे डाग दाखव.

आता तुझी खरी भीती. ज्याला शुद्धच नाही, तो स्मरण कसं करणार? हीच शंका ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरीत गीतेच्या याच आठव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर लिहिताना घेतली आहे. मरणाच्या कळा सोसणाऱ्यानं आठवण काढावी आणि मगच मी धावून यावं, तर त्यानं आयुष्यभर केलेली उपासना कशासाठी, असं तिथं देवच विचारतो. देह विकल होताना त्याचा वारा या सुकुमाराला लागू नये, म्हणून मी त्याला आत्मबोधाच्या पिंजऱ्यात जपून ठेवतो, असंही म्हणतो. मला या ओव्यांइतका धीर दुसऱ्या कशानं येत नाही. वैष्णव परंपरेत वराह अवताराच्या तोंडी असंच वचन आहे: शरीर धड असताना ज्यानं माझं चिंतन केलं, तो मरताना लाकूड-दगडासारखा पडला तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परमगतीला नेतो. व्हेंटिलेटरवरचा माणूस याहून वेगळा काय असतो?

आत्यांनी अजामिळाचा दाखला दिला, तोही पुरता सांगायला हवा. भागवताच्या सहाव्या स्कंधात या पापी माणसानं मरणाच्या दारी 'नारायण' अशी हाक मारली ती त्याच नावाच्या मुलाला, आणि विष्णुदूतांनी यमदूतांना अडवलं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो त्या घटकेला मेला नाही. त्याला पश्चात्ताप झाला, तो गंगाद्वारी गेला, तिथं साधना केली आणि मग वैकुंठाला गेला. हरिणाच्या पाडसात जीव गुंतलेला भरत राजा हरिण होऊन जन्मला खरा, पण त्याची पूर्वस्मृती गेली नाही आणि पुढच्याच जन्मी तो मुक्त झाला. आसक्तीचा सगळ्यात धाकाचा म्हणून जो दाखला देतात, त्यातही केलेली भक्ती बुडालेली नाही.

बाबांना पुन्हा जन्म घ्यावा लागेल या विचारानं आई रडतात, असं तू लिहिलंस. त्यांना तुकोबांची आठवण करून दे. ज्या अभंगात त्यांनी 'तुझा विसर न व्हावा' एवढंच दान मागितलं, त्यातच खुशाल गर्भवासात घाल असंही सांगितलं. पुनर्जन्म ही शिक्षाच, असं तुकोबांनी इथं धरलेलं नाही.

आत्यांशी वाद मात्र घालू नकोस. त्यांचा भाऊ गेला आहे. त्या बोलल्या ते भीतीपोटी, असं मला वाटतं. एकदा निवांत गाठून त्यांना सांग, "तुमच्या त्या वाक्यानं आईचं जेवण तुटलंय." आणि दर महिन्याच्या तिथीला बाबांच्याच पोथीतून सहस्रनाम म्हणायला त्यांना बोलाव.

आईंना आठव्या अध्यायातल्या त्या ओव्या तू स्वतः वाचून दाखव, एका बैठकीत नाही, रोज थोड्या. आणि तुझ्या झोपेचं पुढं ढकलू नकोस. शोकातही इतके दिवस झोप न येणं अंगावर काढू नये. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि आईंनाही सोबत ने.

तुझी,
ताई